रश्श्याचा कुलवृत्तांत

राजांचीं घराणीं, त्यांच्या लढाया आणि त्यांचे तह यांचा इतिहास आमच्याकडे पुष्कळ लिहिला गेला. घराण्यांचे कुलवृत्तांतही आतां कपाटें भरतील इतके झाले आहेत. परंतु ज्या चुलीवर हीं घराणीं पोसलीं, त्या चुलीवरील पातेल्याचा वृत्तांत मात्र कोणी फारसा विचारीत नाहीं. पदार्थ हा खाऊन संपवावयाचा, त्याला इतिहास तो कसला, अशीच सर्वसाधारण समजूत दिसते. आमचीही ती तशीच होती. ती बदलण्यास एक लहानसें घरगुती निमित्त झालें. आणि त्या निमित्तानें जें कांहीं वाचावें-विचारावें लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों आहों.

नागपुराहून हैद्राबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हिंगणघाटच्या थोडें अलीकडे, वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत जाम नांवाचें गांव आहे. चंद्रपुराकडे जाणारी वाट येथें मुख्य रस्त्यापासून फुटते. त्यामुळें गांवापेक्षां गांवचा चौरस्ताच अधिक प्रसिद्धीस आला आहे. गाड्या थांबतात, उतारू हातपाय मोकळे करतात, आणि कोठें 'सावजी' अशी पाटी दिसली कीं मांसाहारी प्रवाशाचें मन तिकडे ओढ घेतें. भोंवतालचा मुलूख काळ्या मातीचा व कापसाचा. याच तालुक्यांतील वायगांवची हळद तिच्या रंगाबद्दल व गुणाबद्दल नांवाजलेली असून २०१६ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. अशा या जामला आमच्या थोरल्या बंधूंचें घर आहे. त्या घरांत आमच्या वडिलांची धाकटी बहीण राहते. तिला लहानथोर सारे आत्याबाई म्हणतात. तिचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे, परंतु जीभ तिची अजून शाबूत आहे, ती दोन्ही अर्थांनीं.

गेल्या पौषांत आमची पुतणी इटलींतील बोलोन्या येथील शिक्षण संपवून परत आली. तिनें एके दिवशीं जाहीर केलें कीं आज स्वयंपाक माझा, आणि तो इटालियन पद्धतीचा. तिनें बोकडाच्या खांद्याचें व मांडीचें मांस आणविलें. त्याचे तुकडे फडक्यानें कोरडे पुसले, त्यांवर गव्हाचें पीठ भुरभुरविलें, आणि जाड बुडाच्या पातेल्यांत तेलावर एका वेळीं थोडे थोडे टाकून चहूं अंगांनीं तांबूस होईतों परतले. ते बाजूस काढून त्याच तेलांत बारीक चिरलेला कांदा, गाजर व लसूण मंद विस्तवावर अर्धा तास मऊ होऊं दिला. तिकडे यांत सेलरीचे देंठ घालतात. ते जामच्या बाजारांत कोठून मिळणार? कोथिंबिरीच्या दांड्यांवर भागवावें लागलें. तिकडे द्राक्षाची दारू ओततात. तिच्या जागीं चमचाभर व्हिनेगर आलें. मग पांच-सहा पिकलीं भेद्रीं, तमालपत्र, मिरे, मीठ आणि तुकडे जेमतेम बुडतील इतकें कढत पाणी. घरांत कुकर असतांना तिनें त्याला हात लाविला नाहीं. परसांतील चुलीवर निखारे करून त्यांवर पातेलें ठेविलें, झांकण घातलें, आणि अडीच तास त्याकडे केवळ अधूनमधून पाहण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं.

आत्याबाई हा सर्व प्रकार ओसरीवरून संशयानें पाहत होत्या. हळद नाहीं, तिखट नाहीं, वाटण नाहीं, म्हणजे हें आजाऱ्याचें पथ्य असावें असा त्यांचा तर्क होता. पानावर बसल्यावर त्यांनीं भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यांत बुडविला, एक फोड चाखली, आणि बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तिखट नाई, अन् भेद्र्यानं आंबट झालं. पण मांस तं मायवाणी शिजलं, पोरी." आम्हीं विचारलें, "आत्याबाई, आजी रस्सा कसा करीत असे?" त्यावर त्यांनीं आमच्याकडे नवलानें पाहिलें व उत्तर दिलें, "अंदाजानं, बाबू. माय काय लिवून ठेवत होती?"

त्या एका वाक्यानें आमच्या मनांत दोन प्रश्न उभे राहिले. सात समुद्रांपलीकडील पाककृतींत एका वृद्ध स्त्रीला आपल्या आईचा हात कां दिसावा, हा पहिला. आणि परक्यांचा रस्सा आमच्या घरांत बरहुकूम उतरूं शकतो, पण आमच्या स्वतःच्या आजीचा रस्सा मात्र कोणास येत नाहीं, असें कां व्हावें, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर विस्तवापाशीं आहे. खांदा, मांडी, नळी या जनावराच्या श्रमाच्या जागा. तेथील मांस चिवट असतें आणि म्हणून स्वस्त असतें. त्या चिवटपणाचें कारण कोलॅजन नांवाचें द्रव्य. पाणी उकळण्याच्या बऱ्याच खालच्या उष्णतेवर, म्हणजे सुमारें सत्तर अंशांपासून पुढें, तें हळूहळू विरघळून त्याचें जिलेटिन होतें. परंतु त्यास तास लागतात, मिनिटें पुरत नाहींत. रश्श्याला जो ओठांस चिकटणारा दाटपणा येतो, तो त्याचाच. दुसरी गोष्ट परतण्याची. मांसाचा पृष्ठभाग ओला असला तर पाण्याच्या उकळीपेक्षां अधिक तो तापत नाहीं, आणि मग तांबूसपणा येत नाहीं व त्याचा तो खमंग वासही येत नाहीं. म्हणून आधीं पुसून कोरडें करावयाचें. या तांबूसपणामागील रसायन माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रथम वर्णिलें. बोलोन्याच्या गृहिणीनें व जामच्या आजीनें तें त्यापूर्वी कित्येक पिढ्या हातानें साधलें होतें. इटालियन भाषेंत अशा रश्श्यांना जीं नांवें आहेत तींच पाहा ना. 'ब्राझातो' हें नांव निखारे या अर्थाच्या शब्दावरून आलें. 'स्त्राकोत्तो' म्हणजे अतिशय शिजविलेलें. 'स्पेत्सातीनो' म्हणजे तुकडे केलेलें. यांत मसाल्याचें नांवच नाहीं. विस्तव, वेळ आणि सुरी एवढ्यांचेंच आहे. आमच्या घरांत कुकर आल्यापासून निखाऱ्यावरचें मांस बंद झालें होतें. तेव्हां आत्याबाईंनीं जें ओळखलें, तें इटलीचें नव्हतेंच. घरांतून गेलेला मंद विस्तव परका वेष घेऊन परत आला होता.

उरलेलें अर्धें उत्तर गलबतांपाशीं आहे. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेच्या बेटांस लागला. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास आला. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें घेतलें. या अठरा वर्षांत जगांतील स्वयंपाकघरांची घडी मोडली ती पुनः पूर्वीसारखी बसली नाहीं. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि मका हीं चारही अमेरिकेचीं लेंकरें. त्यांपूर्वी इटलींत तांबड्या रंगाचा रस्सा नव्हता, आणि विदर्भांत तिखट म्हणजे मिरची हें समीकरण नव्हतें. इटलींत टोमॅटोचा उल्लेख मात्तिओली या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखनांत १५४४ सालीं येतो. तथापि पुढील दीडशें वर्षें तें फळ बहुतेक कौतुकाची वस्तु म्हणूनच राहिलें. नेपल्समध्यें आंतोनियो लातीनी यानें १६९२ पासून छापलेल्या आपल्या पाकग्रंथांत टोमॅटोच्या चटणीची कृति दिली, आणि तीहि 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून! ज्या पदार्थावांचून इटलीची कल्पनाच करवत नाहीं, तो इटलीच्या पुस्तकांत प्रथम परका म्हणून नोंदला गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

नांवांचा इतिहास याहून मनोरंजक आहे. आमच्या पूर्वजांनीं नवें तिखट फळ पाहिलें, जुन्या मिऱ्याची आठवण झाली, आणि त्यास 'मिरची' म्हटलें. इटालियनांनींही अगदीं हेंच केलें. 'पेपे' म्हणजे मिरे, त्यावरून 'पेपेरोनचीनो' म्हणजे मिरची. टोमॅटोस त्यांनीं 'पोमोदोरो' म्हणजे सोन्याचें फळ म्हटलें. विदर्भांत त्यास भेद्रें म्हणतात. भेद्र्यानें मात्र आमच्या घरांत पाऊल टाकावयास फार उशीर लाविला. कित्येक सोंवळ्या घरांत त्याचा तांबडा गर मांसासारखा दिसतो म्हणून तें वर्ज्य होतें, हें जुन्या मंडळींस आठवत असेल. मक्याचें तर नवलच. उत्तर इटलींत रश्श्याबरोबर 'पोलेंता' म्हणून जी घट्ट कण्हेरी खातात, ती आज मक्याच्या पिठाची असते. परंतु अमेरिकेचा मका येण्यापूर्वी ती बाजरीसारख्या बारीक धान्यांची होत असे. आमच्या पानांत ज्वारीची भाकरी होती, ती पाहून बोलोन्याच्या चारशें वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यास फारसें परकें वाटलें नसतें.

मिरचीपूर्वी तिखटपणा कशाचा होता? मिरे, पिंपळी व सुंठ यांचा. आणि येथें देणेंघेणें उलट्या दिशेनें चाललें होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें गाऱ्हाणें केलें आहे कीं, हिंदुस्थान दरसाल साम्राज्याचे पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो; आणि मिऱ्यांसारख्या जिनसेस केवळ तिखटपणासाठीं लोक एवढें महत्त्व कां देतात, याचेंही त्यास नवल वाटे. पण ऐकतो कोण? आपिकियसच्या नांवावर जो रोमन पाकग्रंथ आहे, त्यांतील बहुतेक पदार्थांत मिरे आहेतच. त्या व्यापारांत दारू घालून आलेल्या रोमन कुंभांचीं खापरें आमच्या नेवासें, तेर अशा ठिकाणींही सांपडलीं आहेत. इकडे आमच्या बाजूस, कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें सुमारें ११२९ सालीं 'मानसोल्लास' रचला. या ग्रंथांत मराठी भाषेंतील कांहीं जुन्या ओळी सांपडतात म्हणून भाषेच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. परंतु त्याच्या अन्नभोग प्रकरणांत मांसाच्या कृतींचा केवढा विस्तार आहे हें थोड्यांस ठाऊक असेल. तेथें मिरे आहेत, हिंग आहे, आलें आहे, हळद आहे, आंबट फळांचे रस आहेत. मिरची नाहीं, टोमॅटो नाहीं, बटाटा नाहीं. जामच्या चुलीवरील पातेल्यांत वायगांवची हळद पडते ती या जुन्या घराण्याची. आणि नागपूर जिल्ह्यांतील भिवापुरी मिरची पडते ती अमेरिकेहून आलेल्या पाहुणीची नातवंड. आज दोघींनाही आपापल्या गांवाच्या नांवानें मानांकन आहे, आणि दोघींत मूळची कोण व उपरी कोण हें पातेलें विचारीत नाहीं.

या दोन जगांची गांठ आमच्याच किनाऱ्यावर पडली. पोर्तुगीज लोक दारू व लसूण यांत मांस मुरवून आपल्या गलबतांवर आणीत. त्या प्रकाराच्या नांवांतच 'व्हीन्य' आणि 'आल्य' म्हणजे द्राक्षाची दारू आणि लसूण हे शब्द आहेत. गोव्याच्या ख्रिस्ती गृहिणीनें दारूच्या जागीं माडाच्या ताडीचें व्हिनेगर घातलें, मिरची वाटली, जिरें-मिरें वाटलें, आणि 'विंदालू' निर्माण झाला. त्यांतील 'आलू' शब्दाला भुलून कित्येक खानावळवाले त्यांत बटाटे घालतात, ही पुढची गंमत. त्याच काळांत फ्लॉरेन्सचा फिलिप्पो सासेत्ती हा व्यापारी १५८३ सालीं कोचीनास आला व १५८८ सालीं गोव्यांत वारला. त्यानें घरीं पाठविलेल्या पत्रांत एक चमत्कार नोंदला आहे कीं, हिंदु पंडितांच्या भाषेंतील देव, सर्प, सात, आठ, नऊ इत्यादि शब्द आपल्या इटालियन शब्दांशीं जुळतात. भाषांचें तें नातें पुढें पंडितांनीं सिद्ध केलें. चुलींचें नातें भाषांहून बरेंच अलीकडचें आहे, पण तें सिद्ध करण्यास कोणी पंडित बसला नाहीं.

विदर्भांत या कथेला जें वळण लागलें तें नागपूरच्या विणकरांच्या घरांत. भोसल्यांच्या राजवटींत नागपूर वाढलें, आणि तलम धोतरें व रेशीमकांठी लुगडीं विणणाऱ्या हलबा-कोष्टी समाजाची तेथें भरभराट झाली. सावजी रस्सा हा मूळचा त्यांच्या घरचा. त्यांत जवसाचें तेल, भाजलेलें सुकें खोबरें, खसखस, दगडफूल, लवंग, मिरे, मसाला वेलची आणि भरपूर तिखट. बत्तीस मसाल्यांचा त्याचा लौकिक आहे. मागावर नवरा व बायको दोघांचेही हात गुंतलेले असावयाचे. अशा घरांत एकदां परतून झांकून ठेविलें कीं आपोआप शिजत राहणारा पदार्थच सोयीचा, असा आमचा आपला तर्क आहे. १८७७ सालीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढें गिरण्यांच्या कापडानें हातमागाचा धंदा खालावत गेला, आणि विसाव्या शतकांत त्याच समाजांतील कित्येक कुटुंबांनीं आपल्या घरचा रस्सा खानावळींत आणून उदरनिर्वाह केला. जामच्या चौरस्त्यावरील पाट्यांवर जें नांव आपण वाचतों, त्यामागें ही एवढी कथा आहे.

ज्यांना मांस चालत नाहीं किंवा परवडत नाहीं, त्यांचीही सोय दोन्हींकडे एकाच युक्तीनें झाली. तोस्कानांत 'सूगो फिंतो' म्हणून एक प्रकार आहे. त्याचा अर्थच खोटा रस्सा. कांदा, गाजर, टोमॅटो सर्व तेंच, फक्त मांस नाहीं. आमच्याकडे बेसनाच्या पातोड्या त्याच झणझणीत रश्श्यांत सोडतात. शाकाहारी घरांतही विदर्भाच्या रश्श्याची तलवार म्यानांत राहिली नाहीं, ती या पातोडीमुळें.

येथपर्यंत दोन्ही घराणीं समांतर चाललीं. आतां दुसरा प्रश्न, आणि येथेंच वाटा फुटतात. १८६१ सालीं इटली हें एक राष्ट्र झालें. परंतु पिएमोंतच्या माणसास सिसिलीच्या माणसाची बोली कळत नव्हती व त्याचें जेवणही रुचत नव्हतें. पेल्लेग्रीनो आर्तूझी नांवाचा एक गृहस्थ (जन्म १८२०, मृत्यु १९११) फ्लॉरेन्स येथें रेशमाचा व्यापार करीत असे. धंद्यांतून निवृत्त झाल्यावर त्यानें घरगुती स्वयंपाकाचें एक पुस्तक लिहिलें. प्रकाशकांनीं तें नाकारलें. तेव्हां १८९१ सालीं त्यानें पदरच्या खर्चानें त्याच्या एक हजार प्रती छापल्या. पहिल्या आवृत्तींत ४७५ कृति होत्या. पुढें देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्त्रिया त्यास पत्रें लिहूं लागल्या: आमच्या गांवीं हें असें करतात, तुमच्या पुस्तकांत तें नाहीं. आर्तूझी त्या कृति आपल्या घरच्या स्वयंपाकिणीकडून व आचाऱ्याकडून करवून पाही, आणि पसंत पडल्यास पुढील आवृत्तींत घाली. चौदाव्या आवृत्तीपर्यंत संख्या ७९० वर गेली. सैन्यानें व तहांनीं जोडलेल्या देशाला एका पंगतीस बसविण्याचें काम या पुस्तकानें केलें असें इटालियन लोक मानतात, आणि त्यांत अतिशयोक्ति फारशी नाहीं. आमच्या पुतणीनें जामला जो रस्सा केला, तो अशा लिहिण्याच्या परंपरेमुळेंच तिच्या हातीं आला.

मराठींत पाकग्रंथ नाहींत असें नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालचें, म्हणजे आर्तूझीच्या सोळा वर्षें आधींचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हें पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांत पाठारे प्रभू घरांतील मांसमत्स्यांच्या कृति मोठ्या हौसेनें दिल्या आहेत. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० पासून घरोघर गेलें. परंतु या ग्रंथांतून जीं घरें दिसतात तीं बहुतांशीं लिहित्या-वाचत्या समाजांचीं आहेत. विणकराचें घर, शेतमजुराचें घर, गांवकुसाबाहेरचें घर यांच्या चुली त्यांत क्वचितच पेटलेल्या दिसतात. याचें कारण उघड आहे. ज्यांच्या हातांत लेखणी होती त्यांपैकीं पुष्कळांच्या घरांत मांस शिजत नव्हतें, आणि ज्यांच्या घरांत तें शिजत होतें त्यांच्या बायकांच्या हातांत लेखणी दिली गेली नव्हती. मांस खाणें ही अनेकांस चारचौघांत सांगण्याची गोष्टही वाटत नसे. शाहू पाटोळे यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां कोठें मराठवाड्यांतील महार-मांग घरांतील अन्नाचा सविस्तर वृत्तांत मराठी वाचकांपुढें आला. 'सूपशास्त्रा'पासून मोजलें तर १४० वर्षें लागलीं.

मांसाहार इष्ट कीं अनिष्ट, हा वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. याच वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्रामीं, १९३६ पासून गांधीजींनीं वास्तव्य केलें आणि मसाल्यावांचून उकडलेल्या भाजीचा आदर्श देशापुढें ठेविला. त्या आदर्शाबद्दल आम्हांस आदरच आहे. आणि तो लिहून ठेविला गेला म्हणून आज तो आम्हांस ठाऊक आहे, एवढेंच आम्ही नम्रपणें सुचवितों. जें लोकांनीं खाल्लें तें इतिहास आहे. तें खावें कीं न खावें हा वेगळा प्रश्न आहे.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. कोणी म्हणेल, चव ही हाताची असते. कागदावर तिचें काय उतरणार? या आक्षेपास विदर्भांतील सर्वांत जुनी साक्ष अनुकूल आहे. वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर हेंच विदर्भराज भीमाचें कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. महाभारताच्या वनपर्वांत सांगितलें आहे कीं, रूप पालटलेला नळ बाहुक नांवानें ऋतुपर्णाचा सारथि होऊन तेथें आला. दमयंतीस शंका आली, पण खात्री होईना. तिनें आपल्या केशिनी दासीकरवीं बाहुकानें शिजविलेलें मांस गुपचूप आणविलें. तें ऊन ऊन मांस चाखतांच तिची ओळख पटली आणि तिला रडूं कोसळलें. रूप फसवूं शकलें, हात फसवूं शकला नाहीं. हाताच्या चवीची याहून मोठी थोरवी कोणत्या वाङ्मयांत असेल? परंतु याच कथेंत दुसरी बाजूही आहे. नळानें तें मांस कसें शिजविलें होतें, हें महाभारत सांगत नाहीं. दमयंतीला तें ओळखतां आलें, कारण तिनें तें पूर्वी खाल्लें होतें. तिच्या मागून तें ओळखणारें कोणी उरलें नाहीं. ही उणीव पुढच्यांना इतकी जाणवली कीं, कोणा पंडितानें नळाच्या नांवावर 'पाकदर्पण' नांवाचा ग्रंथच रचला. हात लिहितां येत नाहीं हें खरें; पण वजन, वेळ आणि क्रम लिहितां येतो, आणि त्यावांचून पुढच्या हाताला वळण कशाचें लागावें?

म्हणून आम्हीं दुसऱ्या दिवशीं एक प्रयोग केला. आत्याबाईंस चुलीपाशीं पाटावर बसविलें. त्यांनीं मूठ भरावी, पुतणीनें ती मूठ तराजूंत रिती करून आंकडा मांडावा, आणि मग ती पातेल्यांत पडावी, असें ठरलें. आत्याबाई पहिल्यानें रागावल्या. मग त्यांस त्यांत गंमत वाटूं लागली. जें टांचण झालें तें असें. मांस एक किलो. निखाऱ्यांत सालासकट भाजलेले कांदे चार. सुकें खोबरें साठ ग्रॅम, तेंही भाजून. खसखस दोन चमचे, धने तीन, जिरें एक. मिरे पंधरा, लवंगा सहा, मसाला वेलच्या दोन, दालचिनीचा बोटभर तुकडा, दगडफूल चिमूटभर. लसणाचा एक गड्डा, आल्याचा दोन बोटें तुकडा. जवसाचें तेल दीडशें मिलीलिटर, तें आधीं चांगलें तापवून घेतलेलें. भिवापुरी तिखट चाळीस ग्रॅम, हळद एक चमचा. मांस प्रथम हळद-मिठावर तेलांत लाल परतावयाचें, मग वाटण घालून तेल सुटेतों परतावयाचें, मग कढत पाणी. शेवटीं दोन चमचे ज्वारीचें पीठ पाण्यांत कालवून लावावयाचें. निखाऱ्यावर सव्वादोन तास. भेद्रें विचारलें तर आत्याबाई म्हणाल्या, "मायच्या वक्ती भेद्रं कोन टाके?" म्हणजे जो आंबटपणा आज आम्ही रश्श्याचा जन्मसिद्ध गुण समजतों, तो आमच्या घराण्यांत एका पिढीपूर्वी नव्हता, आणि पिठानें रस्सा दाट करण्याची जी युक्ति पुतणी बोलोन्याहून शिकून आली, ती आजीला ज्वारीच्या पिठानें पूर्वीच अवगत होती.

तो रस्सा आजीच्या रश्श्यासारखा झाला काय? आत्याबाईंनीं चाखून पाहिला आणि मान हलविली. "जवळ आला," एवढेंच त्या बोलल्या. कोठें उणा पडला हें त्यांस सांगतां येईना. तें मडक्याचें असेल, बाभळीच्या लांकडांचें असेल, अथवा ज्या हातानें तो होत असे त्याचें असेल. तें आतां आम्हांस कधींच कळणार नाहीं, आणि हें समजल्यापासून आमच्या मनास जी रुखरुख लागली तीच या लेखाचें खरें कारण आहे.

आर्तूझीला पत्रें लिहिणाऱ्या स्त्रियांत कोणी विदुषी होत्या असें नाहीं. आपल्या गांवचा पदार्थ पुस्तकांत नाहीं एवढें त्यांस खटकलें, आणि त्यांनीं तें कळविलें. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या घरांत, मग तें मांसाचें असो वा पातोडीचें, आमटीचें असो वा आळणाचें, एखादें पातेलें असें असेल कीं ज्याचा जाणता हात आतां थरथरूं लागला आहे. त्या हाताशेजारीं एक दिवस तराजू घेऊन बसावें. मूठ किती ग्रॅमांची, चिमूट कितीची, विस्तव केवढा, वेळ किती, हें मांडून ठेवावें. आणि जें मांडतां आलें नाहीं, तेंही 'मांडतां आलें नाहीं' म्हणून नोंदावें. जामच्या घरीं ती वही आतां देवघराच्या कोनाड्यांत ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर आत्याबाईंच्या सांगण्यावरून पुतणीनें आजीचें नांव लिहिलें आहे. रेशनकार्डाखेरीज इतरत्र तें नांव कोठें लिहिलेलें असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.